आरोग्यविमा : पहिला कोणता, दुसरा कोणता?

व्यापारी घरात दुकानाचा, गोदामाचा आणि वाहनाचा विमा वेळच्या वेळी भरला जातो. त्याचे कागद कोठे आहेत हे मुनीमजींनाही ठाऊक असते. आरोग्यविम्याच्या बाबतीत मात्र वेगळेच दृश्य दिसते. वडिलांची पॉलिसी कपाटात, धाकट्या मुलाच्या कंपनीचे कार्ड त्याच्या मोबाईलमध्ये आणि ओळखीच्या एजंटने दिलेली तिसरी पॉलिसी नेमकी कशाची, हे कोणालाच सांगता येत नाही. आजारपण आले की एका पॉलिसीतून मिळेल तेवढे घ्यायचे आणि उरलेले पेढीच्या भांडवलातून उचलायचे, असे अनेक कुटुंबांत घडते. हप्ते मात्र तिन्हींचे भरलेले असतात.

यामागे एक गैरसमज आहे. दोन ठिकाणी दावा करणे गैर आहे, असे अनेकांना वाटते. वास्तविक एकच खर्च दोनदा वसूल करणे तेवढे गैर. रुग्णालयाच्या खर्चाचा विमा हा नुकसानभरपाईचा करार असल्याने झालेल्या खर्चाहून अधिक रक्कम मिळत नाही; पण एका कंपनीने दिल्यावर उरलेला ग्राह्य खर्च दुसरीकडे मागण्याचा हक्क विमाधारकास आहे. पहिल्या कंपनीने नाकारलेली रक्कमही दुसरीकडे मागता येते. ती कंपनी आपल्या अटींनुसार स्वतंत्र निर्णय घेते. गंभीर आजाराची ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसी या हिशेबात येत नाहीत. त्या आपापली रक्कम वेगळी देतात.

कोणत्या पॉलिसीकडे आधी जायचे, हे विमाधारकानेच ठरवायचे असते. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार ज्या पॉलिसीची निवड होईल, ती कंपनी प्राथमिक विमा कंपनी मानली जाते. तिचे संरक्षण अपुरे पडल्यास अन्य पॉलिसींची माहिती घेऊन उर्वरित रकमेसाठी त्या कंपन्यांशी समन्वय साधणे ही तिची जबाबदारी आहे.

समजा, बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याचा मुलगा पुण्यात नोकरीस आहे. कंपनीच्या समूह विम्यात आई-वडिलांसह कुटुंबाला ३ लाखांचे संरक्षण आहे. व्यापाऱ्याने स्वतः व पत्नीसाठी ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी आणि ५ लाखांच्या वजावटीवर १० लाखांची सुपर टॉप-अप पॉलिसी घेतली आहे. तिन्ही जुन्या, म्हणजे प्रतीक्षाकाळ संपलेल्या. त्यांच्या बायपास शस्त्रक्रियेचे बिल ६,८०,००० रुपये झाले. हातमोजे वगैरे न देय वस्तूंचे ३०,००० वजा जाता ६,५०,००० ग्राह्य ठरले. समूह विम्याने ३ लाख दिले व फ्लोटरने ३,५०,०००. त्याच वर्षी पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस ४ लाख ग्राह्य खर्च आला. समूह विमा संपलेला. फ्लोटरमधील शिल्लक १,५०,००० मिळाली आणि उरलेले २,५०,००० सुपर टॉप-अपने दिले, कारण ती वर्षभराचा एकूण खर्च मोजते. तिच्या जागी साधी टॉप-अप असती, तर या दुसऱ्या बिलावर एक रुपयाही मिळाला नसता. साधी टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्र धरते आणि ४ लाखांचे बिल ५ लाखांची पायरी ओलांडत नाही. हप्त्यातील थोड्या फरकासाठी साधी टॉप-अप घेणे ही काटकसर नव्हे.

समूह विमा आधी वापरण्यात आणखी एक फायदा आहे. खर्च तेवढ्यातच भागला, तर घरच्या पॉलिसीवर दावा होत नाही आणि तिचा संचित बोनस शाबूत राहतो. मात्र मुलाच्या कार्डावर विसंबून घरची पॉलिसी बंद करणे धोक्याचे. नोकरी सुटली की ते संरक्षणही जाते, आणि साठीच्या मधुमेही गृहस्थास नवी पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते.

कागदांचे काम कंटाळवाणे, पण दावा तेथेच अडतो. मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात. म्हणून प्रत्येक बिलाची व डिस्चार्ज कार्डाची रुग्णालयाकडून प्रमाणित केलेली प्रत आणि पहिल्या कंपनीचे किती दिले, किती कापले हे सांगणारे पत्र दुसऱ्या दाव्यासाठी हाताशी हवे. कंपन्यांनी आपसांत समन्वय साधावा हा नियम आहेच. तरीही आपली नोंद आपल्याकडे, हा पेढीचा शिरस्ता येथे मोडू नये. रुग्ण दाखल होताच सर्व कंपन्यांना कळवावे. नवी पॉलिसी घेताना प्रस्तावपत्रात जुन्या पॉलिसी व जुने आजार लपवू नयेत.

खोलीची निवडही जपून करावी. मर्यादा ५,००० रुपयांची असताना १०,००० ची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या शुल्कासारख्या खोलीशी निगडित खर्चातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते.

घरात सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत त्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. सधन घरांतून ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून ते काढलेच जात नाही. आधार कार्डावर त्याची नोंदणी होते. योजनेतील रुग्णालयांची यादी तेवढी आधी पाहून ठेवावी.