बंबाचं उघडं तोंड

पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत मोरीजवळ किंवा परसातल्या ओट्यावर तांब्याचा बंब असे. कमरेएवढा उंच, तीन पायांवर उभा; धुराडं काजळलेलं आणि अंग मात्र चिंचेने घासून लखलखीत. आज तो हॉटेलांच्या दारात आणि बंगल्यांच्या दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेला दिसतो, आणि तो एक पूर्ण विचार करून घडवलेलं यंत्र होता याचा विसर पडतो. हा विसर महाग पडू शकतो. कारण लाकडावर पाणी तापवण्याची पद्धत बंद झालेली नाही. फक्त बंबाची जागा आता स्टीलच्या बॉयलरने घेतली आहे, आणि त्याला नळ जोडले जाऊ लागले आहेत.

बंब म्हणजे एकात एक दोन नळकांडी. आतल्या नळीत विस्तव, बाहेरच्या पिंपात पाणी. नळीच्या तळाशी जाळी. तिच्याखाली राख पडायला आणि वारा आत यायला जागा. काटक्या, ढलप्या, गोवरीचे तुकडे, करवंट्या असं जे हाताशी असेल ते वरून सोडायचं. विस्तव पाण्याच्या मधोमध असल्यामुळे त्याची धग चहूबाजूंनी पाण्यालाच लागते. तीन दगडांवरच्या हंड्याला ती तळाशी तेवढी लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 6.7 मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण 15 मेगाज्यूल असते. निम्म्याहून अधिक धुराड्यातून निघून गेली असं धरलं, तरी एक-सव्वा किलो सरपणात दोघा-तिघांच्या आंघोळी होतात.

काही बंबांना खाली तोटी असते. पण मला सर्वांत शहाणी वाटते ती दुसरी रचना. तिच्यात वरच्या बाजूला एक नाळकं असतं आणि त्याची नळी आत थेट तळापर्यंत गेलेली असते. नाळक्यात तांब्याभर गार पाणी ओतलं, की ते तळाशी जातं आणि वर साचलेलं तेवढंच कढत पाणी दुसऱ्या बाजूच्या तोटीतून बादलीत पडतं. गरम पाणी हवं असेल तर आधी गार पाणी द्यावंच लागतं. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही. आणि त्याची दोन्ही तोंडं कायम उघडी असल्यामुळे तो कधी कोंडतही नाही. ना व्हॉल्व्ह, ना मीटर. सुरक्षितता भांड्याच्या आकारातच घडवलेली.

तो घडवणारे हात पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीचे. पेशव्यांच्या काळात कोकणातून येऊन इथे स्थिरावलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. पत्रा कापायचा, वळवायचा, जोडाच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे, डाग द्यायचा आणि मग मठारायचं. लाकडी ठोकळ्यावर किंवा लोखंडी खरवईवर भांडं फिरवत हातोडीच्या ठोक्याशेजारी ठोका टाकत जायचं. त्या ओळींची चमक डोळ्यांत भरते, पण मठारकामाचा खरा उपयोग वेगळा आहे: ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्यालाही पाण्याचं वजन पेलतं. ‘तांब्यामुळे पाणी लवकर तापतं’ असं सगळे म्हणतात. तांबं स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट उष्णतावाहक आहे हे खरं, पण बंबात अडथळा पत्र्याचा नसतोच. तो धुराकडून पत्र्याकडे उष्णता पोचण्यात असतो, आणि आत काजळीचा थर जमला की आणखी वाढतो. म्हणून नळी खरवडून ठेवलेला स्टीलचा बंब काजळलेल्या तांब्याच्या बंबाला भारी पडू शकतो. तांब्याचं मोठेपण घडाईत आणि दुरुस्तीत आहे. पिढ्यान् पिढ्या डाग देत देत तो चालवता येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गिझरचं बटण बंद केलं की उष्णता थांबते. लाकडाचा विस्तव असा थांबत नाही. पाणी पुरेसं तापलं, घरचे सगळे न्हाऊन झाले, तरी निखारे तासभर धग देत राहतात. ती उष्णता कुठे तरी जायला हवी. उघड्या बंबात ती वाफ होऊन निघून जाते आणि पाणी 100 अंशांच्या वर चढत नाही.

हे तोंड बंद झालं तर? पाणी तापलं की फुगतं. 100 लिटर पाणी 20 वरून 80 अंशांवर गेलं, की त्याला पावणेतीन लिटर जागा जास्त लागते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सगळा ताण पत्र्यावर आणि सांध्यांवर येतो. शिवाय दाबाखाली पाणी 100 अंशांना उकळतच नाही, तापत राहतं. 150 अंशांवर गेलेलं भांडं फाटलं, तर त्यातल्या सुमारे नऊ टक्के पाण्याची तत्क्षणी वाफ होते. 100 लिटरच्या टाकीतून अशी चौदा-पंधरा घनमीटर वाफ सुटते. न्हाणीघरात तेवढी जागाच नसते, भिंती जातात.

ही वेळ कोणाच्या दुष्टपणाने येत नाही, सोयीच्या हौसेने येते. बंब किंवा लाकडाची शेगडी गच्चीवरच्या टाकीला जोडायची, गरम पाणी थेट शॉवरला न्यायचं, ही इच्छा रास्तच आहे. पण मग कोणी गरम पाणी गार लाइनमध्ये परतू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतं, कोणी दुरुस्तीच्या सोयीसाठी कॉक टाकतं, कोणी शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप लावतं आणि मग पाणी वाया जातं म्हणून वर उघड्या सोडलेल्या हवेच्या पाईपला बूच मारतं. प्रत्येक काम सुटं पाहिलं तर समंजस वाटतं. सगळी मिळून बंबाचं तोंड शिवून टाकतात.

नीट जोडणी अवघड नाही. गरम पाण्याची साठवण टाकी शेगडीच्या वर ठेवायची. टाकीच्या तळातून गार पाणी शेगडीच्या खालच्या तोंडाला, शेगडीच्या वरच्या तोंडातून गरम पाणी टाकीच्या माथ्याकडे. पाईपला सतत चढ हवा, मध्ये कुठे कुबड नको. गरम पाणी हलकं असल्याने आपोआप वर चढतं. पंप लागत नाही, म्हणून वीज गेली तरी पाणी खेळतं राहतं. या दोन पाईपांवर एकही कॉक असता कामा नये. शेगडीलगतचे पाईप धातूचेच हवेत, तिथे प्लास्टिक टिकणार नाही.

आणि साठवण टाकीच्या माथ्यावरून एक उभा पाईप, वरच्या टोकाला उघडा: हाच हवेचा पाईप. सोलरच्या टाकीवर असतो तसाच, त्यामुळे आपल्याकडच्या प्लंबरला तो नवा नाही. तो गच्चीवरच्या गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच न्यावा लागतो. गरम पाणी हलकं, म्हणून त्याचा स्तंभ गार पाण्यापेक्षा उंच चढतो: दर मीटरला जवळजवळ चार सेंटिमीटर. त्यावर अर्धा मीटर तरी मोकळा सोडावा आणि टोक माणसांच्या वावरापासून दूर वळवावं. सेफ्टी व्हॉल्व्ह जरूर बसवावा, पण क्षाराच्या पाण्यात तो अडकू शकतो. उघड्या पाईपला अडकायला काही नसतं.

भारतात बॉयलरचा कायदा 1923 पासून आहे, पण त्याचा रोख वाफ बनवणाऱ्या कारखानी बॉयलरवर. आपल्या परसातल्या जोडणीची तपासणी करायला कोणी निरीक्षक येत नाही. ती आपणच करायची. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत अंग भाजतं, म्हणून नळाला गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवा, लहान मुलं असलेल्या घरात तर हवाच. शेगडी न्हाणीघरात नको. धूर संपून उरलेले लाल निखारे निरुपद्रवी दिसतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यांतूनच सर्वांत जास्त निघतो, आणि त्याला वास नसतो.

तुमच्या घरी, फार्महाऊसवर किंवा होमस्टेत लाकडावरचा बॉयलर असेल, तर थंडी सुरू व्हायच्या आधी गच्चीवर चढून हवेचा पाईप पाहा. त्याचं टोक उघडं आहे का, त्यात गांधीलमाश्यांनी घर केलेलं नाही ना, मध्ये कोणी कॉक बसवलेला नाही ना, हे तपासा. बूच किंवा कॉक आढळला, तर तो काढेपर्यंत बॉयलर पेटवू नका.