कुत्र्याचें नाक व त्याची निगा

कुत्र्याचें नाक कोरडें लागलें कीं त्यास ताप आला, असा समज घरोघर आढळतो. तो खरा नाहीं. झोपेंतून उठलेल्या अथवा उन्हांत पडून आलेल्या निरोगी कुत्र्याचेंही नाक कोरडें असतें. थोड्या वेळानें तें स्वतःच चाटून ओलें करतें. ताप पाहावयाचा तर थर्मामीटरच पाहिजे. निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून अधिक, असते. तेव्हां आपल्या हातास त्याचें अंग नेहमीं ऊनच लागावयाचें.

माणसाच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारें ५० ते ६० लक्ष, तर कुत्र्याच्या नाकांत २० कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतात. म्हणून उदबत्तीचा किंवा विडीचा जो धूर आपणांस सहज सोसतो, त्यानें कुत्रें शिंकूं लागलें तर नवल नाहीं. अशा वेळीं औषध शोधण्यापूर्वीं धूर दूर करावा. फिनेलनें पुसलेल्या ओल्या फरशीवरही त्यास निजवूं नये.

परंतु विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें असें कारण म्हणजे कुसळ. पावसाळा सरला कीं आपल्या माळांवर कुसळी गवत पिकतें. कुसळाचें टोंक सुईसारखें असून त्यावर मागें वळलेले ताठ केंस असतात. त्याची लांब शेपटी ओल लागतांच पीळ सोडते व सुकतांच पुन्हां पीळ घेते. बीं जमिनींत शिरावें म्हणून ही सोय आहे. तेंच कुसळ हुंगणाऱ्या कुत्र्याच्या नाकपुडींत गेलें तर पुढेंच सरकतें, मागें येत नाहीं. फिरून आलेलें कुत्रें एकाएकीं शिंकांवर शिंका देऊं लागलें, एकाच बाजूस पंजानें नाक घासूं लागलें, किंवा एकाच नाकपुडींतून रक्त दिसलें, तर प्रथम कुसळाचाच संशय घ्यावा. तें बाहेर दिसत असेल तरच चिमट्यानें सरळ ओढावें. आंत गेलें असल्यास काडी, तेल, तपकीर असले उपाय करूं नयेत. पशुवैद्य भूल देऊन तें काढतो. दुसऱ्या दिवशीं शिंका थांबल्या म्हणजे कुसळ निघालेंच असें नव्हे. तें अधिक खोल गेलेलें असूं शकतें.

दोन्ही नाकपुड्यांतून दाट शेंबूड, डोळ्यांत चिपडें, ताप व अन्नावर वासना नाहीं, हीं लक्षणें डिस्टेंपरचीं असूं शकतात. लस न टोंचलेल्या पिलांस हा रोग बहुधा प्राणघातक होतो. गोचिडांपासून येणाऱ्या तापांतही नाकांतून रक्त येतें. रक्त वाहत असल्यास कुत्र्यास शांत बसवून नाकाच्या वरच्या भागावर थंड पाण्याची घडी ठेवावी.

नाकाची नुसती कातडी फुटली असेल तर खोबरेल तेलाचें बोट पुरे. बाम लावूं नये, तो कुत्रें चाटून टाकतें. प्लॅस्टिकच्या भांड्यानें कित्येकांच्या नाकास खाज सुटते; पितळी किंवा स्टीलची थाळी द्यावी. माणसांच्या गोळ्या मात्र मुळींच देऊं नयेत.

दुखऱ्या नाकास हात लावला कीं अतिशय मायाळू कुत्रेंही चावतें. म्हणून हें काम वडील माणसानेंच करावें. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं इस्पितळांत जावें. कुत्रें घरचें आहे म्हणून वेळ दवडूं नये.

पशुवैद्याकडे जातांना शिंका केव्हांपासून, कोणत्या नाकपुडींतून काय येतें, कुत्रें कोठें हिंडलें होतें, हें कागदावर टिपून न्यावें.