कीटकभक्षी फुलझाडांची कुंडीतील लागवड

खत घातले म्हणजे पीक जोमाने वाढते, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव होय. परंतु खताने मरणारीही फुलझाडे आहेत, व ती पुण्यापासून फार दूर नाहीत. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर अगदी पातळ असतो आणि मुसळधार पावसाने त्यातील नत्र धुऊन जाते. ही उणीव तेथील काही वनस्पती कीटक पकडून भरून काढतात. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांस चिकट थेंब असतात. त्यांवर बसलेला कीटक अडकतो व पाचक रसात विरघळतो. निळ्याजांभळ्या फुलांची ‘सीतेची आसवे’ तर खऱ्या मुळांवाचूनच वाढते. ओल्या मातीतील तिच्या सूक्ष्म पिशव्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्य आत ओढतात.

पठारावरची रोपे उपटून आणण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. दवबिंदू वर्षायू आहे. बी धरण्यापूर्वी रोप उपटले की पुढील वर्षाचे रोपही गेले. आणि नाजूक मुळांचे ते रोप घरी जगणे कठीणच. कास हे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. हौशी बागाइतदाराने लागवडीतील झाडाचेच बी मिळवावे.

पुण्यातील गच्चीवर वा सज्जात दवबिंदू लावावयाचा असल्यास कुंडीत काळी माती व शेणखत मुळीच घालू नये. नारळाच्या काथ्याचा भुसा क्षारयुक्त असतो. तो तीनचार वेळा धुऊन त्यात तितकीच धुतलेली गारगोटीची वाळू मिसळावी. बी धुळीसारखे बारीक असते. ते वर नुसते भुरभुरावे, झाकू नये. कुंडी बोटभर पाण्याच्या परातीत, सकाळचे ऊन मिळेल तेथे ठेवावी.

खरी मेख पाण्यात आहे. विंधन विहिरीच्या पाण्यातील क्षार कुंडीत साचत जातात व रोप खंगते. म्हणून पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवावे. पिंपास झाकण हवेच, नाहीतर डासांची पैदास व्हावयाची. दवबिंदू लावल्याने घरातील डास हटतील, ही समजूतही खरी नव्हे. रोपास मांसाचे तुकडे भरवू नयेत. त्यास पुरेल इतके चिलट आपोआप येते.

पावसाळा सरल्यावर रोप वाळू लागले म्हणजे निगेत चूक झाली असे समजू नये. त्याचे आयुष्यच तेवढे. बी झडण्यापूर्वी कागदात गोळा करून कोरड्या जागी ठेवावे व ज्येष्ठात पुन्हा पेरावे.