वायर तुटली तर?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कांदिवलीला चारकोपमध्ये कुणी तरी घराच्या गच्चीवर विमान बांधतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लोकलमध्ये कुणी सोडलेली पुडीच वाटली होती. आपल्या उपनगरातल्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या असतात, वाळवणं असतात, संक्रांतीला पतंगवाली पोरं असतात. पण कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने तिथे खरोखरच एका इंजिनाचं, सहा आसनांचं विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी होऊन त्याला व्हीटी-एनएमडी ही अक्षरं मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या विमानतळावर ते हवेत उडालं.

वर्तमानपत्रांनी तेव्हा फायलींची, परवान्यांची, जिद्दीची गोष्ट सांगितली. ती सांगण्यासारखीच होती. माझ्या डोक्यात मात्र एक भाबडा प्रश्न घोळत राहिला. घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन वर गेल्यावर बंद पडलं तर? अंधेरीच्या उड्डाणपुलावर गाडी बंद पडली तर मागचे चारजण शिव्या देतात, दोघं उतरून धक्का मारतात. आकाशात कडेला घ्यायला कडा नाही. अर्थात इंजिन थांबलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत खाली येतं. लहान विमान एक किलोमीटर उंचीवरून साधारण आठ-नऊ किलोमीटर पुढे जाऊ शकतं. पण मुलुंड-घाटकोपरच्या डोक्यावरून आठ किलोमीटर तरंगत येऊन उतरायचं कुठे?

हा प्रश्न कवीच्या कल्पनेतला नाही. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, १९५३ सालापासून त्यांची संघटना आहे. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन कारणं सर्वांत ठळक निघाली : हवेत विमानावरचा ताबा सुटणं आणि इंजिनाची ताकद जाणं. इंजिनाची ताकद जाते म्हणजे दरवेळी आतलं लोखंडच मोडतं असं नाही. पुष्कळदा पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पोचत नाही. आज मी बोलणार आहे ते या ठिणगीबद्दल, आणि ती नेणाऱ्या वायरबद्दल.

ठिणगीशी माझी ओळख जुनी आहे. घाटकोपरला आमच्या मामूंचं स्कूटर दुरुस्तीचं छोटंसं गॅरेज होतं. शाळेच्या सुटीत माझं काम प्लग घासून देण्याचं. गिऱ्हाईक किक मारून मारून घामाघूम होऊन आलं की मामू म्हणायचे, "पहिले करंट देखो, पेट्रोल बाद में." प्लग काढायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसली की मामू कार्बुरेटरकडे वळायचे. त्या वेळच्या स्कूटरची किंवा लूनाची गंमत आठवा. बॅटरी नसली तरी ती चालू व्हायची. कारण ठिणगीची वीज बॅटरीतून येतच नव्हती. चाकासारखं फिरणारं एक लोहचुंबक आणि तारेचं एक वेटोळं, बस. इंजिन फिरतंय तोवर चुंबक फिरतंय आणि चुंबक फिरतंय तोवर ठिणगी आहे. याला मॅग्नेटो म्हणतात.

विमानाच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनातही हीच युक्ती आहे, फक्त ती दोनदा केलेली असते. दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक मॅग्नेटो मेला तरी दुसरा इंजिन चालवतो, ताकद थोडीशी कमी होते इतकंच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपल्या जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या 'पस मॉथ' विमानाला एकच इंजिन होतं. पण त्या इंजिनाला मॅग्नेटो मात्र दोन होते.

या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिच्या स्विचमध्ये आहे. घरातल्या दिव्याचा स्विच बंद केला की वायर तुटते आणि दिवा विझतो. मॅग्नेटोचं उलटं. तिथे स्विच बंद करणं म्हणजे मॅग्नेटोची वायर इंजिनाच्या लोखंडाला, म्हणजे अर्थिंगला जोडणं. वीज तिथे वाहून जाते आणि ठिणगी मरते. आता ही वायर हवेत तुटली तर? काहीच होत नाही! इंजिन चालूच राहतं. ते बंद करण्याची सोय फक्त गेली. कुठली तरी वायर कधी तरी तुटणार हे गृहीत धरून, ती तुटल्यावर जे होईल ते माणसाच्या बाजूचं व्हावं, असा विचार कुणी तरी आधीच करून ठेवला आहे.

याची एक काळी बाजूही आहे. जमिनीवर उभ्या विमानात ती वायर तुटलेली असेल, तर किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन जिवंत असतं. अशा वेळी कुणी पंखा सहज हाताने फिरवला तर एका ठिणगीत हात जातो, कधी माणूसही. म्हणून उड्डाणाआधी वैमानिक इंजिनाचा वेग वाढवून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. वेग थोडासा, मिनिटाला शंभरेक फेऱ्यांनी, उतरायला हवा. फार उतरला तर दुसरा मॅग्नेटो किंवा त्याचे प्लग आजारी. आणि अजिबात उतरलाच नाही तर? नवशिक्याला वाटतं, वा, काय झकास इंजिन आहे! जाणता लगेच सावध होतो, कारण याचा एक अर्थ असा की, स्विचची वायर तुटली आहे आणि मॅग्नेटो बंद झालेलाच नाही.

इथवर सगळं सोपं आहे. घरी विमान बांधणाऱ्यांचा खरा पेच पुढे सुरू होतो. मॅग्नेटो जड, महाग आणि जुन्या वळणाचा. त्याची वेळ इंजिनाच्या वेगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे पेट्रोल जास्त जातं. उलट मोटारीचं आधुनिक इंजिन किती शहाणं! इलेक्ट्रॉनिक ठिणगी, इलेक्ट्रॉनिक इंधन, सगळा हिशेब एक छोटा संगणक करतो. मग कुणी मोटारीचं इंजिन विमानाला बसवतं, कुणी विमानाच्याच इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावतं. यात गैर काही नाही. पण तेव्हा मघाची सगळी रचना उलटी होते. आता ठिणगीला बॅटरी लागते, पेट्रोलच्या पंपाला बॅटरी लागते, संगणकालाही बॅटरीच. वायर तुटली की इंजिन बंद.

साधा हिशेब करा. समजा, या सगळ्यांना मिळून पंधरा अँपिअर लागतात आणि बॅटरी सतरा अँपिअर-तासांची आहे. हवेत आल्टरनेटर बंद पडला तर कागदावर तासाभराची सोय दिसते. पण बॅटरी जुनी असेल आणि वीज भराभर खेचली जात असेल, तर प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मिळाला तरी नशीब. दुसरी अडचण याहून बिकट. केबिनमध्ये जळक्या वायरचा वास आला तर पहिला नियम असा की, मुख्य स्विच बंद करा. मॅग्नेटोवाला तो निर्धास्तपणे बंद करतो. इलेक्ट्रॉनिकवाल्याने आगीला थांबवायला तोच स्विच बंद केला, तर इंजिनही थांबेल! म्हणून इंजिनाची वीज मुख्य स्विचला वळसा घालून, वेगळ्या वायरने आणि वेगळ्या स्विचने न्यावी लागते. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने यावर चांगला तोडगा काढला. त्यांच्या लहान विमानांसाठीच्या ९१२ इंजिनात ठिणगी इलेक्ट्रॉनिक, सर्किटं दोन आणि दोन्हींना वीज इंजिनातल्याच वेटोळ्यांतून. मामूंना हे फार आवडलं असतं.

हौशी कारागीर म्हणतो, मीही सगळं दोन-दोन लावतो. दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन संगणक. आणि मग दोघांच्या अर्थिंगच्या वायरी एकाच बोल्टखाली कसतो. तो एक बोल्ट सैल झाला की दोन्ही संगणक एकाच क्षणी डोळे मिटतात. कागदावर दोन असलेलं प्रत्यक्षात एकच होतं. म्हणून प्रत्येक वायरवर, प्रत्येक जोडावर बोट ठेवून मोठ्याने विचारायचं असतं : ही आत्ता तुटली तर काय होईल? उत्तर 'इंजिन थांबेल' असं आलं की तिथे पुन्हा काम करायचं. हे गच्चीवर, चहा पीत करायचं काम आहे, हजार फुटांवर नव्हे.

आणि वायरी तुटतात कुठे? मध्येच नव्हे, टोकाशी. इंजिनाच्या थरथरीने. आपल्याकडचे मेकॅनिक जोडाला भरपूर सोल्डर मारतात, वर काळी टेप गुंडाळतात आणि काम पक्कं झालं समजतात. पण वितळलेलं सोल्डर केशिकांमधून आत चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथेच ती रोज थोडी थोडी वाकते आणि एक दिवस तुटते. म्हणून विमानात थिंबल योग्य मापाच्या दाबयंत्राने दाबून बसवतात, ओढून पाहतात आणि जोडाच्या जवळ वायरला आधार देतात. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून वायर नेली, तर भोकाच्या कडेला रबराची कडी हवीच, नाही तर पत्रा सुरीसारखा वायरचं कातडं कापतो. आपल्या दमट, खाऱ्या हवेत तांब्याला हिरवी बुरशी चढते ते वेगळंच. पावसाळ्यात वर्सोव्याच्या रिक्षावाल्याला विचारा.

फ्यूजबद्दलही एक गैरसमज आहे. फ्यूज आपल्या महागड्या उपकरणाला वाचवतो, असं आपल्याला वाटतं. फ्यूज असतो वायरला वाचवण्यासाठी, म्हणजे ती तापून पेट घेऊ नये म्हणून. म्हणून बारीक वायरला मोठा फ्यूज घालणं, किंवा घरी आपण करतो तसं फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणं, हे विमानात आगीला आमंत्रण आहे. विमानाच्या वायरचं आवरणही घरातल्या वायरसारखं पीव्हीसीचं नसावं. पीव्हीसी जळताना जो धूर सोडतो त्यात बंद केबिनमधल्या माणसाला श्वास घेणं मुश्कील होतं.

उड्डाण संपवून परतल्यावर जाणते वैमानिक आणखी एक गोष्ट करतात. इंजिन मंद चालू असताना स्विच क्षणभर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करतात. इंजिन त्या क्षणी गचकलं, तर अर्थिंगची वायर शाबूत. मग पेट्रोल तोडून इंजिन थांबवतात, किल्ली काढतात. आणि एवढं करूनही, शेडमध्ये विमान ढकलताना पंख्याला कुणी हात लावत नाही.