थकतं लोखंड, बदनाम तेल

जुन्या गाडीचं सस्पेन्शन गेलं की गाडी डुलते. खड्ड्यातून निघाली की दोन-तीन हेलकावे खाते, बॉनेटवर वजन टाकून हात काढला की झुलत राहते. आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीची ही पहिली परीक्षा. लेक्सस एलएक्स 470 या परीक्षेत म्हातारपणीही पास होते. ती डुलत नाही, उलट कडक होते. स्पीड ब्रेकरवर मागची सीट पाठीत गुद्दा घालते, उखडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि मालक म्हणतो, ‘शॉकअप गेले.’ दोष बहुधा शॉकअपचा नसतोच.

एलएक्स 470 म्हणजे टोयोटाच्या लँड क्रूझर 100 चं श्रीमंती रूप. 1998 ते 2007 या मॉडेल वर्षांतली गाडी, 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, वजन अडीच टनांच्या आसपास. भारतात लेक्सस अधिकृतपणे आली ती 2017 मध्ये, त्यामुळे आपल्या रस्त्यांवर ही गाडी क्वचितच दिसते. अमेरिकेत आणि आखातात मात्र ती अजून भरपूर आहे. दुबई-मस्कतला नोकरी करणाऱ्या मराठी माणसालाही ती ओळखीची आहे. इंजिन दणकट आणि जुनी म्हणून किंमत आवाक्यात. खरेदी करताना घाबरवतं ते एकच प्रकरण : एएचसी, म्हणजे गाडीची उंची बदलणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन. गिअरजवळचं बटण दाबलं की अडीच टनांचं हे धूड वर उठतं किंवा खाली बसतं. ते उठणं-बसणं बंद झालं की मोठा खर्च आला, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

आत काय चालतं ते आधी पाहू. चाकाजवळ जिथे एरवी शॉकअप असतो, तिथे या गाडीत तेलाने भरलेला सिलिंडर आहे. तो नळीने एका लोखंडी गोळ्याला जोडलेला आहे. गोळ्याच्या आत मधोमध रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन. चाक वर ढकललं गेलं की सिलिंडरमधलं तेल गोळ्यात शिरतं. तेल दाबलं जात नाही, दाबला जातो तो नायट्रोजन. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबला की तो जसा परत उसळतो, तसं हे काम आहे. गाडीतली मऊ स्प्रिंग म्हणजे हा गॅस. तेल फक्त निरोप पोचवतं. नायट्रोजनच का? तो तेलाशी काही करत नाही म्हणून. दाबाखालचं तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोटाची भीती असते.

ही कल्पना टोयोटाची नाही. सित्रोएन या फ्रेंच कंपनीतल्या पॉल माजेस यांनी ती प्रत्यक्षात आणली. 1954 मध्ये एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना आणि ऑक्टोबर 1955 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस या गाडीच्या चारही चाकांना. 22 ऑगस्ट 1962 रोजी पॅरिसजवळ फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला, टायर फुटले, तरी ड्रायव्हरने गाडी पळवत सुखरूप बाहेर काढली. या सस्पेन्शनची कीर्ती सांगताना हा प्रसंग आजही सांगितला जातो. सित्रोएनने गाडीचा सगळा भार तेल आणि गॅसवर टाकला होता. म्हणूनच इंजिन बंद करून उभी ठेवलेली जुनी डीएस हळूहळू जमिनीला टेकते.

टोयोटाने तसं केलं नाही. एलएक्स 470 मध्ये पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेऊन भार पेलणारे लांब दांडे. मागे नेहमीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. बराचसा भार हे लोखंड उचलतं आणि उरलेला तेल. दुरुस्तीचं सगळं मर्म या वाटणीत आहे. मालकाला आणि अनेकदा मिस्त्रीलाही नेमकं हेच माहीत नसतं.

पंधरा-वीस वर्षांत लोखंड थकतं. स्प्रिंग बसते, टॉर्शन बारचा पीळ सैल होतो. साध्या गाडीत असं झालं की गाडी खाली झुकते आणि डोळ्यांना दिसतं. इथे दिसत नाही. उंची मोजणारे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतात की गाडी खाली आली. कॉम्प्युटर पंपाला हुकूम देतो, पंप आणखी तेल ढकलतो आणि गाडी पुन्हा जागेवर येते. बाहेरून सगळं आलबेल. आत मात्र तेलाचा दाब वाढलेला असतो आणि गोळ्यातला गॅस उभ्या गाडीतच चेपलेला असतो. चाक खड्ड्यात गेलं की गॅसला आणखी दबायला जागाच उरत नाही. गाडी कडक होण्यामागची ही पहिली गोम. लोखंडाच्या वाट्याचं ओझं तेल मुकाट्याने वाहतं आणि बदनामही तेच होतं.

दुसरी गोम गोळ्यातच असते. रबराच्या पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं थोडा थोडा निसटतो आणि दाब वाढलेला असेल तर पडदा आणखी लवकर हार मानतो. गॅस गेला की उरतं फक्त तेल, आणि तेल दबत नाही. मग चाक आणि बॉडी जणू वेल्डिंग करून जोडल्यासारखी होतात.

या दोन्हींत फरक करायला पाना लागत नाही. बॉनेट उघडा. तेलाच्या टाकीवर खुणा आखलेल्या आहेत. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, बटण ‘हाय’वर. गाडी वर गेली आणि स्थिरावली की तेलाची पातळी कुठल्या खुणेवर आहे ते बघा. आता ‘लो’ दाबा. गाडी खाली बसते, गोळ्यांमधला गॅस फुगतो आणि तेल टाकीत परत ढकलतो. पातळी चढताना दिसते. गोळे नवे असताना हा फरक साधारण 14 खुणांचा असतो. तो 7 च्या आसपास आला असेल तर गोळ्यांचे दिवस भरले. दहा-अकरा असेल तर गोळ्यांना हात लावू नका, दोष दुसरीकडे शोधा. या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. तरी ती न करताच चार गोळ्यांची ऑर्डर दिली जाते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तेलाचा दाब पाहायला लॅपटॉप, केबल आणि कंपनीचं निदानाचं सॉफ्टवेअर लागतं. निरोगी गाडीत पुढचा दाब 7 मेगापास्कलच्या आणि मागचा 6 च्या जवळपास असतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण तीसपट, एवढं म्हटलं की अंदाज येईल. पण दाब वाचण्याआधी टेप घेऊन उंची मोजायची. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे साधारण 500 आणि मागे 520 मिलिमीटर. जमिनीपासून मोजू नये, कारण टायर झिजलेला असला तरी माप चुकतं. उंची चुकलेली असताना वाचलेल्या दाबाला काही अर्थ नाही. ही चूक पूर्वीच्या एखाद्या मालकाने केलेली असते : गाडी रुबाबदार दिसावी म्हणून सेन्सरची सेटिंग हलवून ती इंचभर उचललेली असते. त्या इंचाची किंमत गोळे चुकवतात.

उंची बरोबर आहे आणि पुढचा दाब जास्त आहे, तर टॉर्शन बार आवळायचा. दोन्ही बारांच्या मागच्या टोकाला एकेक बोल्ट असतो. तो आवळला की साध्या गाडीत पुढचा भाग वर उचलला जातो. इथे उंची कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे ती तेवढीच राहते आणि दाब उतरतो, एका पूर्ण फेऱ्याला साधारण 0.2 मेगापास्कल. बोल्ट वीस वर्षांचा आणि गंजलेला असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा, गाडी जॅकवर घेऊन भार उतरवावा आणि मगच पाना लावावा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवायच्या, थोडी गाडी चालवून आणायची आणि दाब पुन्हा वाचायचा. घाई इथेच नडते. मागे असा बोल्ट नाही. तिथे बसलेल्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. टो-बार आणि सामानाने कायम लादलेल्या गाडीत तर हे आधीच करावं. एवढ्यावरच कितीतरी गाड्या पुन्हा मऊ चालू लागतात.

गोळे खरोखर गेले असतील तर ते बदलायचे. सित्रोएनच्या गोळ्यात पुन्हा गॅस भरून देणारे युरोपात असत. टोयोटाच्या हिशेबात मात्र गोळा भरायचा नसतो, नवा बसवायचा असतो. शारजाच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात भंगारातले गोळे स्वस्त मिळतील, पण त्यांचं वयही आपल्या गाडीइतकंच असतं. ते घेऊ नयेत.

तेलाबाबत एकच नियम : टोयोटाचं एएचसी फ्लुइड. ते खनिज तेल आहे. ब्रेक ऑइल टाकलं की सील फुगतात आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. तेल बदलायला चारही चाकांजवळचे निपल आणि पंपाकडचा एक, अशा पाच ठिकाणी ब्लीडिंग करायचं, म्हणजे निपल सोडून जुनं तेल आणि हवा बाहेर काढायची. निपल सोडला की त्या बाजूची गाडी झपकन खाली येते. त्या क्षणी बॉडी आणि चाकाच्या मध्ये हात असेल तर तो चिरडेल. म्हणून स्टँडशिवाय खाली शिरायचं नाही आणि हे काम चालू असताना आत कुणाला बसू द्यायचं नाही. नळ्या गंजून गळत असतील किंवा सिलिंडरच्या दांड्याजवळ तेल पाझरत असेल, तर ते वेगळं दुखणं. तिथे भाग बदलण्याला पर्याय नाही.

आता सगळ्यात लोकप्रिय सल्ल्याविषयी : ‘हायड्रॉलिक काढून टाका, साधे शॉकअप बसवा.’ काढता येतं आणि दुर्गम भागात फिरणाऱ्या काहींना ते सोयीचंही पडतं. पण या गाडीचे टॉर्शन बार आणि स्प्रिंगा अर्धवट भारासाठीच केलेल्या आहेत. नुसते शॉकअप बदलले तर गाडी पुढून-मागून बसते. जाड बार, जाड स्प्रिंगा आणि शॉकअप असा सगळा संच बदलला तरच ती उभी राहते. हा खर्च पुष्कळदा गोळ्यांच्या आणि तेलाच्या खर्चाजवळ जातो, आणि हाती येते ती एक चांगली, पण साधी लँड क्रूझर. माझं मत सांगायचं तर तशी हवी असेल त्याने ती आधीच तशी घ्यावी. बाजारात हायड्रॉलिक नसलेल्या भरपूर आहेत. ज्यांची एएचसीवाली गाडी कडक झाली आहे, त्यांनी नवे भाग मागवण्यापूर्वी उंची, दाब आणि टाकीवरच्या खुणा हे तीन आकडे कागदावर लिहून मिस्त्रीपुढे ठेवावेत. ते न बघता थेट गोळ्यांची यादी काढणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत घेऊन यावी.