मेळघाटातील वन्यजीव सफारी

मेळघाटातील वन्यजीव सफारी म्हणजे महाराष्ट्रातील मेळघाट व्याघ्र प्रकल्पात वनविभागाची परवानगी घेऊन, ठरवून दिलेल्या मार्गांवरून आणि स्थानिक मार्गदर्शकासह केलेले वन्यजीव-निरीक्षण होय. हा प्रकल्प अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. वऱ्हाडातील अनेक कुटुंबे आणि मित्रमंडळींना जंगलाची पहिली ओळख येथेच होते. या जंगलात वाघ आहेत. मात्र ते सहजासहजी दिसत नाहीत. त्यामुळे मेळघाटातील सफारी ही प्रामुख्याने जंगल वाचण्याची सफारी मानली जाते.

== शब्दाची व्युत्पत्ती ==
'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'प्रवास' असा आहे. स्वाहिलीत तो अरबी भाषेतून आला. मराठीतील 'सफर' हा शब्दही फारसीमार्गे त्याच अरबी मुळापासून आलेला आहे. वसाहतकाळात हा शब्द प्रामुख्याने शिकारीच्या मोहिमांसाठी वापरला जाई. पुढे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि वन्यप्राणी पाहण्याची सहल हा अर्थ रूढ झाला.

== भूगोल ==
'मेळघाट' या नावाचा अर्थ 'घाटांचा मेळ' असा सांगितला जातो. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत हा प्रदेश येतो. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या येथून वाहत जाऊन तापीला मिळतात. बैराट हे येथील सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१७८ मीटर उंचीवर आहे. त्याच्या जवळचे चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण कॉफीच्या लागवडीसाठीही प्रसिद्ध आहे.

जंगल शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात सागाचे प्राबल्य आहे. त्याबरोबर ऐन, धावडा, तेंदू, मोह, आवळा व बांबू आढळतात. पावसाळ्यानंतर सागाची रुंद पाने दाट पडदा उभा करतात. उन्हाळ्यात पानगळ होऊन हाच पडदा विरळ होतो आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांकडे येऊ लागतात.

== इतिहास ==
वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९७३ मध्ये केंद्र शासनाने व्याघ्र प्रकल्प योजना सुरू केली. या योजनेतील देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत कान्हा, कॉर्बेट, रणथंबोर आदींसह मेळघाटचा समावेश होता. हा महाराष्ट्रातील पहिला व्याघ्र प्रकल्प होय. त्याच्या गाभ्यातील गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. मेळघाट, नरनाळा, वान व अंबाबरवा ही अभयारण्येही प्रकल्पात येतात. गाभा व बफर मिळून प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे.

== आफ्रिकेतील सफारीशी तुलना ==
दूरचित्रवाणीमुळे सफारी म्हटले की टांझानियातील सेरेंगेटी किंवा केनियातील मसाई मारा डोळ्यांसमोर येते. तेथे उघडी गवताळ मैदाने आहेत. वाइल्डबीस्ट, झेब्रा यांचे हजारोंचे कळप आणि कळपाने राहणारे सिंह भर दिवसा दुरूनही दिसतात.

मेळघाटातील परिस्थिती याच्या उलट आहे. भूभाग चढउतारांचा असून झाडी दाट आहे. वाघ एकटा राहणारा व मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात फिरणारा प्राणी आहे. चितळांचे मोठे कळपही येथे फारसे आढळत नाहीत. ताडोबासारख्या तुलनेने सपाट आणि भरपूर भक्ष्य असलेल्या जंगलापेक्षाही येथे वाघ दिसण्याची शक्यता कमी असते. प्राणी न दिसणे म्हणजे प्राणी नसणे नव्हे, हा फरक लक्षात न आल्याने अनेक पर्यटक निराश होऊन परततात.

== वन्यजीव ==
येथे वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, तरस, गवा, सांबर, नीलगाय, भेकर, चौशिंगा, रानडुक्कर व वानर हे प्राणी आढळतात. येथील रानपिंगळा हा पक्षी विशेष महत्त्वाचा आहे. त्याचा शेवटचा नमुना १८८४ मध्ये गोळा करण्यात आला होता. त्यानंतर शतकाहून अधिक काळ नोंद न झाल्याने तो नामशेष झाला असावा असे मानले जात होते. १९९७ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. घुबडाच्या कुळातील असूनही हा पक्षी दिवसा वावरतो, त्यामुळे सकाळच्या फेरीत तो दिसू शकतो.

== सफारीचे स्वरूप ==
अमरावतीकडून परतवाडामार्गे चिखलदरा, सेमाडोह, कोलकास व हरिसाल येथे जाता येते. सिपना नदीकाठी असलेले कोलकास हे ठिकाण विश्रामगृहासाठी व हत्तीवरील सफारीसाठी ओळखले जाते. अकोल्याकडून अकोटमार्गे शहानूर येथे पोहोचता येते. तेथून नरनाळा किल्ला व अभयारण्य पाहता येते. किल्ल्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकातील आहे. त्यामुळे येथे इतिहास व निसर्ग यांचे दर्शन एकाच फेरीत घडते.

सफारी सकाळी व दुपारनंतर अशा दोन वेळांत होते. आरक्षण आगाऊ करता येते. उघड्या जिप्सीत चालक व मार्गदर्शक यांच्यासह साधारणपणे सहा पर्यटक बसतात, म्हणून एक कुटुंब किंवा मित्रांचा छोटा गट एकत्र जाऊ शकतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील बहुतेक मार्ग बंद असतात. हिवाळा पक्षी व हिरवाई पाहण्यास, तर एप्रिल-मे हे महिने पाणवठ्यांवरील प्राणी पाहण्यास अनुकूल असतात.

मार्गदर्शक प्राण्यांच्या मागे न लागता खुणांवरून माग काढतो. धुळीतील पाऊलखुणा, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे, अस्वलाने उकरलेले वारूळ, विष्ठेतील केस या त्यांपैकी काही खुणा होत. वाघ-बिबट्याची चाहूल लागताच वानर, सांबर किंवा भेकर विशिष्ट आवाज काढून इतरांना सावध करतात. याला मार्गदर्शक 'कॉल' म्हणतात. कॉल आल्यावर वाहन बंद करून शांत राहणे हाच सफारीतील सर्वांत महत्त्वाचा क्षण असतो. मुलांनाही हे सहज शिकता येते.

== मचाणावरील रात्र ==
वैशाखातील बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळील मचाणांवर बसून प्राणी मोजण्याची प्रथा आहे. या सुमारास पाणवठे मोजकेच उरलेले असतात आणि चांदण्यात प्राणी दिसू शकतात. वनविभाग 'निसर्गानुभव' या नावाने हा उपक्रम राबवतो व त्यात निसर्गप्रेमी नागरिकांना सहभागी करून घेतो. या मोजणीतून वाघांची अधिकृत संख्या ठरत नाही. पूर्वी पाऊलखुणांवरून होणारी व्याघ्रगणना २००६ पासून मागे पडली आणि कॅमेरा ट्रॅप व सांख्यिकी पद्धतीने अंदाज काढला जाऊ लागला. नागरिकांना जंगलाची रात्र अनुभवता यावी, हा या उपक्रमाचा मुख्य लाभ मानला जातो.

== कोरकू समाज व पुनर्वसन ==
मेळघाट हे कोरकू आदिवासींचे पारंपरिक वसतिस्थान आहे. त्यांची कोरकू भाषा मुंडा गटातील असल्याने मराठीहून पूर्णपणे वेगळ्या कुळातील आहे. तीत वाघाला 'कुला' म्हणतात. मोहफुले, तेंदूपाने व शेती यांवर या समाजाची उपजीविका अवलंबून राहिली आहे. गवळी, गोंड व निहाल हे समाजही येथे राहतात. राज्यात इतरत्र मेळघाट हे नाव बालकांच्या कुपोषणामुळेही परिचित आहे.

गाभा क्षेत्र वाघांसाठी मोकळे करण्याकरिता येथील गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आली. बोरी, कोहा व कुंड ही गावे आरंभीच्या काळात अकोट परिसरात वसवण्यात आली. २००८ पासून केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपयांचे साहाय्य ठरले. २०२१ मध्ये ते १५ लाख करण्यात आले. कायद्यानुसार असे स्थलांतर स्वेच्छेने व ग्रामसभेच्या संमतीनेच व्हावे लागते. गावे हलल्यानंतर मोकळ्या जमिनींवर गवताळ कुरणे वाढली आणि तृणभक्षी प्राण्यांना चारा मिळू लागला. दुसरीकडे, बदल्यात मिळालेली जमीन, रोजगार व सुविधा यांविषयी पुनर्वसित ग्रामस्थांच्या तक्रारी राहिल्या. जानेवारी २०१९ मध्ये काही ग्रामस्थ मूळ गावांच्या जागी परतले, तेव्हा त्यांचा वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी संघर्ष झाला. त्यामुळे पर्यटकाला आज निर्मनुष्य दिसणारे एखादे कुरण पूर्वीचे गावठाण असू शकते.

सफारीतून मार्गदर्शक, चालक व निवासव्यवस्था यांद्वारे स्थानिकांना काही रोजगार मिळतो. वनांभोवती राहणाऱ्यांना संरक्षणाचा लाभ मिळाल्याशिवाय ते टिकत नाही, हे तत्त्व आफ्रिकेतील अनेक अभयारण्यांप्रमाणे येथेही लागू पडते.

== नियम ==
राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन करता येते. वाहनातून खाली उतरणे, मोठ्याने बोलणे, प्राण्यांना खाऊ घालणे, प्लॅस्टिक टाकणे व आग पेटवणे यांस मनाई आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या सागाच्या पानांवर पडलेली एक ठिणगीही मोठा वणवा पेटवू शकते. मळकट वा मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण, पाणी आणि पक्ष्यांची नोंदवही सोबत असणे उपयुक्त ठरते.

== हे सुद्धा पहा ==
* गुगामल राष्ट्रीय उद्यान
* नरनाळा किल्ला
* चिखलदरा
* कोरकू
* ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प