पडद्यावरील देवनागरी

चित्रपटगृहातील दिवे मालवल्यावर पडद्यावर बहुधा पहिला प्रवेश होतो तो चित्रपटाच्या नावाचा. ॲनिमेशनपटात तर सारेच रेखाटलेले असते. तेथे नावाची अक्षरे ही पात्रांच्याच जातीची ठरतात. अमेरिकेत सॉल बास यांनी १९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या आरंभी साधे आकार हलवून, नामावली हा चित्रपटाचाच भाग असतो, हे दाखवून दिले. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले राम मोहन यांनी ‘बीवी ओ बीवी’ (१९८१) सारख्या चित्रपटासाठी ॲनिमेशनची नामावली केली. मग मराठी नावांच्या वेळीच देवनागरीची अनेकदा ओढाताण का व्हावी?

याचे कारण असे की, अक्षरे हलविण्याची रूढ रीत रोमन लिपीसाठी बेतलेली आहे. रोमन अक्षरे सुटी असतात. ती एकामागून एक पडद्यावर फेकता येतात. देवनागरीचे तसे नाही. समजा, ‘चिमणी’ नावाचा एक छोटा पट काढावयाचा आहे. त्यातील पहिल्या अक्षराची वेलांटी उच्चारात ‘च’नंतर येते, पण लिहिली जाते त्याच्या आधी. संगणकावर प्रत्येक घटक सुटा करून आणला, की वेलांटीची व ‘च’ची फारकत होते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. नुकतेच वाचू लागलेले मूल हे पाहते, तेव्हा त्याची लिपी त्याच्यासमोर मोडून ठेवलेली असते.

वास्तविक जी अडचण भासते, तीच देवनागरीची श्रीमंती आहे. शिरोरेषेची तार करावी, तिच्यावर पक्षी येऊन बसावेत आणि तिला तीन अक्षरे लोंबकळावीत. एवढ्यानेच ‘चिमणी’चे नाव कथा सांगू लागेल. मात्र त्यासाठी कथाचित्रे तयार होत असतानाच अक्षरांचा विचार झाला पाहिजे. आधी कागदावर बोरूने वा कुंचल्याने अनेक वळणे काढावीत, त्यांतून पात्रांच्या रेषेशी जुळणारे निवडावे, ते लहान आकारात पाहून ‘ण’, ‘ष’ यांच्या पोकळ्या बुजत नाहीत ना हे तपासावे, आणि हालचाल संपल्यावर नाव वाचण्यापुरते स्थिर ठेवावे. श्रेयनामावलीची अक्षरे याच वळणाची, पण अधिक साधी असावीत.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली, की वृत्तपत्रातील जाहिरात पाहताच नाटकाची प्रकृती ध्यानी यावी. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हे अक्षरवळण रचले. ते मजकूर वाचण्यासाठी आहे. प्रत्येक चित्रपटाच्या कपाळी तेच लावावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

कोरेगावसारख्या गावाचा या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. कोरेगावहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी लागते. तेथे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू करणारे शं. वा. किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. महाराष्ट्रभर वाचल्या जाणाऱ्या मासिकाचा जन्म अशा लहान वसाहतीत झाला. दृष्टी घडविण्याचा मक्ता मुंबई-पुण्याकडेच आहे, असे मानण्याचे कारण नाही.

शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरलेखन शिकावे लागते. चित्रकला शिक्षकांनी त्याला गुणांपुरते न ठेवता, एखाद्या गोष्टीच्या नावाची अक्षरे त्या गोष्टीच्या स्वभावाला साजेशी काढावयास सांगावे. निर्मात्यांनीही अक्षरकाराला शेवटच्या आठवड्यात न बोलावता आरंभीच बोलवावे व त्याचे नाव नामावलीत द्यावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. त्या भाषेची लिपी पडद्यावर अखंड दिसावी, एवढी अपेक्षा तरी अवाजवी म्हणता येणार नाही.